शस्त्रांच्या गावी तथागत : हिरोशिमा, कार्ले आणि देहूरोड

हिरोशिमाचे नाव निघताच सर्वांच्या मनासमोर प्रथम उभा राहतो तो नदीकाठच्या इमारतीचा उघडा घुमट. यान लेत्सेल या चेक वास्तुविशारदाने बांधलेली ही इमारत १९१५ साली पूर्ण झाली. पुढे जिल्ह्यातील उद्योगांच्या मालाचे प्रदर्शन तेथे भरत असे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी अणुबॉम्बचा स्फोट जवळजवळ तिच्या माथ्यावरच झाला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत मृतांची संख्या सुमारे १,४०,००० झाली, असा अंदाज मानला जातो. आम्ही त्या शहरी गेलो तेव्हा घुमटासमोर बराच वेळ उभे राहिलो. परंतु आमच्या मनात कायम राहिली ती दुसरीच एक जागा.

शांती उद्यानात एका ठिकाणी जमीन खोलगट ठेवलेली आहे. त्या खड्ड्यात एक जुनी समाधिशिळा आहे. आज जेथे उद्यान आहे तेथे पूर्वी नाकाजिमा नावाची दाट वस्ती होती आणि तिच्यात जिसेन-जी नावाचा बौद्ध विहार होता. ही शिळा त्या विहाराच्या आवारातील होय. युद्धानंतर उद्यान करताना सभोवार मातीची भर घालण्यात आली. ही जागा तेवढी मूळ पातळीवर राखली गेली. शेजारीच एक हिरवा उंचवटा आहे. ज्यांची ओळख पटली नाही अथवा ज्यांना घेऊन जाणारे कोणी उरले नाही, अशा सुमारे ७०,००० मृतांची रक्षा त्याच्या पोटात आहे. आम्ही तेथे त्रिसरण म्हटले. पायाखालचे गाव मातीच्या थराखाली आहे, ही जाणीव तेथे जशी होते तशी घुमटासमोर होत नाही.

मात्र हिरोशिमाचा इतिहास या एका सकाळीपासून सुरू होत नाही. मोरी तेरुमोतो या सरदाराने १५८९ साली ओता नदीच्या मुखाशी किल्ला बांधावयास घेतला आणि त्याभोवती हे शहर वाढले. १८९४ साली चीनशी युद्ध सुरू होताच जपानच्या सम्राटाने आपले युद्धकालीन मुख्यालय येथे हलविले. देशाची संसदही त्या वर्षी येथेच भरली. उजिना बंदरातून आशियाच्या निरनिराळ्या आघाड्यांवर फौजा रवाना होत. येथील पाचवी डिव्हिजन मलायाच्या मोहिमेत लढली. एप्रिल १९४५ मध्ये पश्चिम जपानच्या संरक्षणाचे लष्करी मुख्यालयही येथेच स्थापन झाले. म्हणजे जे शहर आज जगाला शांतीचे तीर्थ वाटते, ते अर्धशतकाहून अधिक काळ शस्त्रांचे गाव होते. त्यामुळे लक्षावधी निरपराधांच्या मृत्यूचे समर्थन होत नाही, हे स्पष्टच आहे. पण सत्य ते सत्य. ते सांगण्याचे धैर्य त्या शहराने पुढे दाखविले. १९९४ साली उघडलेल्या संग्रहालयाच्या पूर्व इमारतीत हिरोशिमाचा लष्करी भूतकाळ मांडण्यात आला. बॉम्बने मारल्या गेलेल्या कोरियन लोकांचे स्मारक १९७० साली उद्यानाच्या बाहेर उभारले गेले होते. ते १९९९ साली उद्यानाच्या आत घेण्यात आले. हे घडावयास एकोणतीस वर्षे लागली, हेही ध्यानात घ्यावे.

परतताना एक प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला. एखादी भूमी शांतीची केव्हा होते? ती मुळात निष्पाप होती म्हणून, की तेथील माणसांनी शस्त्रांच्या मध्यभागी शस्त्रांना मज्जाव असलेली एखादी जागा जाणीवपूर्वक राखली म्हणून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हास आपल्याच मावळ प्रांताकडे पुन्हा पाहावेसे वाटले. लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंत लोकलने तासाभरापेक्षाही कमी वेळ लागतो. परंतु त्या वाटेवर सुमारे १९०० वर्षांचा इतिहास पसरलेला आहे.

मामाल प्रांतातील एक आज्ञा

वर्षावासाच्या दिवसांत आम्ही मळवली स्थानकावर उतरलो. दक्षिणेस लोहगड आणि विसापूर हे जुळे किल्ले ढगात बुडाले होते. विसापूरच्या कुशीत भाजे लेणी आहेत. उत्तरेस, रस्त्यापलीकडच्या डोंगरात कार्ले. बोरघाटातून कोकणात उतरणारा व्यापारी मार्ग या खोऱ्यातून जात असे. म्हणूनच येथे भिक्खूंची लेणी झाली आणि म्हणूनच येथे किल्लेही झाले. ज्या वाटेने श्रेष्ठी आणि श्रमण गेले, त्याच वाटेने सैन्येही गेली. मावळचा सारा इतिहास या एका वाक्यात सांगता येईल.

कार्ल्याचे भव्य चैत्यगृह वाचकांना परिचित आहे. येथे आमचे लक्ष त्याच्या दर्शनी भागावरील दोन शिलालेखांकडे आहे. पहिला लेख क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा. वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या, चारी दिशांकडून आलेल्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचे गाव दान दिले. वर्षावासासाठी जो कोणी येथे येईल त्याला या दानाचा लाभ व्हावा, असा त्यामागील हेतू आहे. वलूरक हे या संघारामाचे प्राचीन नाव होय.

पुढे युद्ध झाले. गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. त्याची माता गौतमी बलश्री हिच्या नाशिक येथील लेखात त्याला क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा असे गौरविले आहे. हा उच्छेद किती कठोर होता याचा पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडला. तेथील ठेव्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. पराभूत राजाचा चेहरा जेत्याच्या चिन्हांखाली दडपला गेला. जेत्यांची ही रीत सर्व काळी सारखीच.

आता कार्ल्याचा दुसरा लेख पाहा. त्यात मामाल प्रांतातील अमात्याला राजाची आज्ञा आहे. राजाचे नाव दगडावर उरलेले नाही. परंतु ही आज्ञा गौतमीपुत्र सातकर्णीची असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मामाल म्हणजेच आजचे मावळ. करजक हे गाव वलूरक लेण्यांतील महासांघिक भिक्खूंना देण्यात येत आहे, असे ही आज्ञा सांगते. गाव तेच, उषवदाताने दिलेले! ज्याच्या नाण्यांवरील चेहरा पुसला, त्याच्या घराण्याचे दान मात्र पुसले गेले नाही. उलट, नव्या सत्तेने ते आपले म्हणून पुन्हा दिले. चारी दिशांच्या प्रव्रजितांऐवजी आता एका निकायाचा उल्लेख आला, एवढा बदल अवश्य झाला. परंतु भिक्खूंचे अन्न तुटले नाही.

या आज्ञेतील एक शब्द आम्हास सर्वांत मोलाचा वाटतो. तो शब्द आहे ‘अपावेस’, म्हणजे अप्रवेश्य. राजाच्या शिपायांनी आणि अधिकाऱ्यांनी या जमिनीत पाऊल टाकू नये, असा त्याचा अर्थ केला जातो. नाशिकच्या लेण्यातही सातकर्णीच्या अठराव्या वर्षाची अशीच आज्ञा आहे. ती विजयी सेनेच्या छावणीतून काढलेली आहे आणि तिच्यातही पूर्वी उषवदाताकडे असलेले शेत भिक्खूंना देताना हीच सवलत दिली आहे. छावणीत बसून राजा आपल्याच सैन्याला सांगतो की, या कुंपणापलीकडे तुम्ही जाऊ नका.

याची दुसरी बाजू विनयात आहे. युद्धास निघालेली सेना पाहावयास भिक्खूने कारणाविना जाऊ नये, कामानिमित्त जावे लागले तरी दोन-तीन रात्रींहून अधिक सेनेत राहू नये, असे पाचित्तियांचे नियम आहेत. भिक्खूने सेनेत रमू नये आणि सेनेने संघारामात शिरू नये, या दोन नियमांनी मिळून एक सीमा आखली जाते. मावळात ही सीमा दगडावर कोरलेली आहे. हिरोशिमातील त्या खोलगट जागेची आठवण आम्हास येथे झाली. सभोवार काहीही घडो, एवढी जागा मूळ पातळीवर राहील, असे कोणीतरी ठरविलेले असते.

देहूरोड

मळवलीहून पुण्याकडे निघालेली गाडी कामशेत, कान्हे करीत वडगावला थांबते. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी याच परिसरात कोंडले. शत्रूला दाणागोटा मिळू नये म्हणून मराठ्यांनी तळेगाव स्वतःच पेटवून दिले होते. विजय मिळाला, वडगावचा तह झाला. पण ज्यांची घरे जळाली त्यांची नावे कोणत्याही बखरीत शोधून सापडत नाहीत. तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी ही स्थानके मागे पडली आणि आम्ही देहूरोडला उतरलो.

देहू हे तुकोबारायांचे गाव येथून जवळच आहे. परंतु देहूरोड ही वसाहत त्या गावाच्या पोटातून जन्मलेली नाही. ती दुसऱ्या महायुद्धाच्या पोटातून जन्मली. मुंबई बंदर आणि पुण्याची छावणी यांना जोडणाऱ्या लोहमार्गालगत आसपासच्या गावांच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि तेथे लष्कराची भांडारे व दारूगोळ्याची कोठारे उभी राहिली. पुढे १९५८ साली येथे कॅन्टोन्मेंट बोर्ड स्थापन झाले. डेपोच्या कामासाठी महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून मजूर आले. त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांची संख्या मोठी होती. म्हणजे देहूरोड हेसुद्धा शस्त्रांचे गाव.

याच गावी २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेस अद्याप बावीस महिने अवकाश होता. त्या महिन्याच्या आरंभी जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते रंगूनला गेले होते आणि ही मूर्ती त्यांनी तेथून आणली होती. प्रकृती साथ देत नसतानाही ते देहूरोडला आले. बौद्ध धम्म सोप्या भाषेत समजावून सांगणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत, असे त्यांनी त्या सभेत सांगितले. तोच ग्रंथ पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ म्हणून त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. २५ डिसेंबर ही तारीख आपल्या चळवळीत महाडच्या मनुस्मृतिदहनाची म्हणूनही स्मरणात आहे. ते दहन १९२७ साली झाले.

परंतु या तारखेला आणखी एक अर्थ आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. मूर्ती ज्या रंगूनहून आली, त्या शहरावर जपानच्या विमानांनी पहिले मोठे बॉम्बहल्ले केले ते २३ आणि २५ डिसेंबर १९४१ रोजी. रंगूनमध्ये त्या काळी निम्म्याहून अधिक वस्ती भारतीयांची होती. गोदीतले हमाल, सफाई कामगार, कारकून, दुकानदार अशी ही माणसे. हल्ल्यांत हजारांवर माणसे मेली. मार्च १९४२ मध्ये शहर पडले. लाखो भारतीय आराकान आणि आसामच्या डोंगरवाटांनी पायी निघाले. त्यांतील कित्येक हजार वाटेतच उपासमारीने व रोगराईने गेले. बौद्ध जपानच्या सैन्याने बौद्ध ब्रह्मदेशाची राजधानी उद्ध्वस्त केली, ही गोष्ट आम्हा बौद्धांनी डोळ्यांआड करू नये. धम्माचे नाव घेतल्याने कोणतेही राष्ट्र हिंसेपासून आपोआप मुक्त होत नाही.

युद्धानंतर ब्रह्मदेशाने काय केले? रंगूनजवळ १९५२ साली एक नवा स्तूप उभा राहिला. त्याचे नाव ‘कबा अये’, म्हणजे विश्वशांती. त्याच्या शेजारी सप्तपर्णी गुहेचे स्मरण ठेवून एक विशाल कृत्रिम गुहा बांधण्यात आली आणि १९५४ च्या वैशाख पौर्णिमेस तेथे सहाव्या धम्मसंगीतीस आरंभ झाला. बॉम्बने होरपळलेल्या शहराने तिपिटकाचे पठण आरंभिले. त्याच वर्षी त्या शहरातून एक मूर्ती निघाली आणि त्याच महायुद्धाने जन्मास घातलेल्या मावळातील एका वसाहतीत येऊन विसावली. रंगूनवरील हल्ल्याला त्या दिवशी बरोबर तेरा वर्षे झाली होती. हा योगायोगच आहे. कोणी ठरवून तारीख जुळविली, असा आमचा दावा नाही. परंतु काही योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला थांबून विचार करावयास लावतात.

एका उपासकाचा प्रश्न

विहारात आम्हास दोन वयोवृद्ध उपासक भेटले. एकांनी सांगितले, “त्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून मूर्ती पाहिली, एवढेच आठवते. बाकी सगळी डोकीच डोकी.” दुसरे डेपोतून निवृत्त झालेले. त्यांनी आम्हास जे विचारले ते आम्ही जसेच्या तसे येथे देतो : “दिवसा आम्ही दारूगोळ्याच्या पेट्या मोजल्या आणि संध्याकाळी इथे येऊन वंदना घेतली. पहिले शील पाणातिपाताचे. तुम्ही अभ्यासक आहात, यात आमचे चुकले का ते सांगा.”

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत आणि त्यांत ‘सत्थवणिज्जा’, म्हणजे शस्त्रांचा व्यापार, पहिला आहे. शब्द व्यापाराचा आहे, मजुरीचा नाही, असे म्हणून सुटका करून घेता येईल. पण ते शब्दाच्या आड लपणे होईल. दुसऱ्या बाजूस, वैशालीचा सिंह सेनापती तथागतांचा उपासक झाला, तेव्हा त्याने सेनापतिपद सोडावे अशी अट तथागतांनी घातल्याचे दिसत नाही. बाबासाहेबांनीही अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. मारण्याची इच्छा आणि मारणे भाग पडणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या.

शिवाय त्या कामगाराच्या पुढे त्या काळी कोणते मार्ग होते, हेही पाहिले पाहिजे. १८९० नंतर महारांची लष्करभरती बंद झाली होती. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगावला, आणि तीही महायुद्धाची निकड म्हणून. गावात वतनाची कामे होती. ज्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली तो १९५८ चा. म्हणजे १९५४ साली जो मनुष्य डेपोच्या फाटकातून आत जात होता, त्याच्या गावी त्याचे नातलग अजून वतनाची वेठ करीत होते. महिन्याच्या पगाराने त्याला येसकरकीतून सोडविले आणि मुलांना शाळेत घातले. त्या पगाराच्या स्वाभिमानावरच त्याने विहार उभा केला. ज्या हातांना समाजाने दुसरे काम दिले नाही, त्या हातांना केवळ कामावरून दोष देणे हा न्याय नव्हे.

म्हणून आम्ही त्या उपासकांना एवढेच म्हणालो की, दोष तुमचा नाही. परंतु प्रश्न खरा आहे आणि तो तुम्हाला पडतो, हेच त्या मूर्तीचे कार्य आहे. मूर्ती नसती तर पेट्या केवळ मोजल्या गेल्या असत्या. रोज संध्याकाळी जो मनुष्य शील उच्चारतो, त्याला आपल्या दिवसाचा हिशेब द्यावा लागतो. ‘अपावेस’ या शब्दाचा आजचा अर्थ आम्हास येथे गवसला. सातकर्णीच्या काळी ती जमिनीची सीमा होती. देहूरोडला ती मनाची सीमा झाली.

स्मरणाचे काम

हिरोशिमाने आपले स्मरण व्यवस्थित राखले, याचे श्रेय तेथील वाचलेल्या माणसांना आहे. त्यांना ‘हिबाकुशा’ म्हणतात. भाजलेले चेहरे घेऊन त्यांनी शाळाशाळांतून आपली कहाणी सांगितली. १९५६ साली त्यांची संघटना झाली आणि तिला २०२४ साली नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. साक्षीदार संपत आले तेव्हा शहराने त्यांच्या कहाण्या पुढे सांगणारी माणसे तयार केली.

देहूरोडला दरवर्षी २५ डिसेंबरला जनसागर लोटतो. ही मोठीच गोष्ट आहे. पण ज्या गावांच्या जमिनी युद्धासाठी गेल्या त्यांच्या कहाण्या, डेपोतल्या पहिल्या पिढीची नावे, त्यांच्या वसाहती, विहारासाठी त्यांनी वर्गणी कशी जमविली याच्या आठवणी, हे सारे कोण लिहून ठेवणार? १९५४ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशी पार केलेला वृद्ध आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात सामान्य दात्यांनीसुद्धा आपापल्या खांबावर नाव आणि गाव कोरून ठेवले, म्हणून धेनुकाकट नावाचे नगर आपल्याला माहीत झाले. लेणी खोदणारे आपले पूर्वज या बाबतीत आपल्याहून दक्ष होते.

आमच्या वाचकांना आमची विनंती आहे की, घरातील वडीलधाऱ्यांपैकी जे कोणी त्या दिवशी देहूरोडला होते, अथवा डेपोत कामास होते, त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात. तारीख चुकली तरी चालेल, वाक्य अपुरे राहिले तरी चालेल. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना हे काम सुट्टीत द्यावे. जे सुखद आहे तेवढेच न लिहिता त्या निवृत्त उपासकांसारखे अडचणीचे प्रश्नही लिहावेत.

परतीच्या गाडीत बसलो तेव्हा पाऊस थांबला होता. विहारातील सायंवंदनेचा स्वर स्थानकापर्यंत येत होता आणि फाटकाकडून पाळी सुटलेल्या कामगारांची रांग येत होती. काहींनी पिशव्या सावरत थेट घरची वाट धरली. काही विहाराच्या दिशेने वळले.

भवतु सब्ब मंगलं.